वाफेला पायऱ्या उतरवणारे सर चार्ल्स पार्सन्स

देवघरातील समईत तेल जळते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. विजेच्या दिव्यात मात्र काय जळत आहे, असे कोणी विचारले तर आपण मोठी माणसेही क्षणभर गोंधळतो. दिव्यात काहीच जळत नसते. जळत असतो तो शेकडो मैल दूरवरचा कोळसा; आणि त्या कोळशाची धग आपल्या घरातील प्रकाश होऊन येईपर्यंत मध्ये जी यंत्रे राबतात, त्यांत एक यंत्र असे आहे की ज्याच्यावाचून आजची बहुतेक विद्युत्केंद्रे बंद पडतील. त्या यंत्राचे नाव वाफेचे टर्बाइन, आणि त्याला आजचे रूप देणाऱ्या पुरुषाचे नाव सर चार्ल्स अल्जर्नन पार्सन्स.

आम्ही अभियंते नव्हेत. आमची पदवी कलाशाखेची, आणि सरकारी नोकरीत कोळसा आमच्या वाट्याला आला तो बहुतांशी कागदावरचा : किती वाघिणी भरल्या, किती पोहोचल्या, कोणत्या केंद्रात किती दिवसांचा साठा उरला. परंतु एखाद्या वस्तूचा हिशेब वर्षानुवर्षे ठेवला की तिचे पुढे होते तरी काय, असे कुतूहल मनात जागे होतेच. त्या कुतूहलापोटी या महाभागाच्या चरित्राशी आमची ओळख झाली. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत तिचा थोडा वाटा वाचकांना द्यावा, असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

चार्ल्स पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. पण बालपण गेले ते आयर्लंडमधील पार्सन्सटाउन, म्हणजे आजच्या बर या गावातील पिढीजात वाड्यात. वडील विल्यम पार्सन्स हे रॉसचे तिसरे अर्ल. उमराव असूनही त्यांचा जीव शिकारीत वा मेजवान्यांत रमला नाही. त्यांनी वाड्याच्या आवारात भट्ट्या घालून सहा फूट व्यासाचा धातूचा आरसा ओतला आणि १८४५ साली त्या काळची जगातील सर्वांत मोठी दुर्बीण उभी केली. आकाशातील काही तेजोमेघ भोवऱ्यासारखे वळलेले आहेत, हे त्यांनीच प्रथम पाहिले. आई मेरी यांनी छायाचित्रणात नाव मिळवले होते. लोहारकामाचेही त्यांना वावडे नव्हते. अशा घरात मुलांना शाळेत न धाडता घरीच शिक्षक ठेवले गेले. पुढे ज्योतिर्विद म्हणून कीर्ती पावलेले रॉबर्ट बॉल हे त्यांपैकीच एक. शिकवणी संपली की मुलांची पावले वाड्यातील कारखान्याकडे वळत. उमरावाच्या धाकट्या मुलाचे हात बालपणापासून तेलाने आणि काजळीने माखले, ते असे.

याच कारखान्यात वाफेवर रस्त्याने चालणारी एक गाडी तयार झाली होती. १८६९ च्या ऑगस्टअखेरीस त्या गाडीत चार्ल्स, त्यांचे बंधू, शिक्षक आणि काही आप्त बसले होते. गावातील एका वळणावर धक्का बसून त्यांची आप्त मेरी वॉर्ड खाली फेकली गेली आणि चाकाखाली सापडून गतप्राण झाली. सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या सृष्टीवर ग्रंथ लिहिणारी ही विदुषी स्वयंचलित वाहनाच्या अपघाताच्या अगदी आरंभीच्या बळींपैकी एक गणली जाते. चार्ल्स तेव्हा पंधरा वर्षांचे होते; वडिलांचे छत्र दोनच वर्षांपूर्वी हरपले होते. या प्रसंगाचा त्यांच्या मनावर कोणता ठसा उमटला असेल, याविषयी आम्ही तर्क करीत नाही. वाफेच्या अंगी किती बळ आहे आणि ते हाताबाहेर गेले तर काय घडते, हे त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी डोळ्यांनी पाहिले होते, एवढे मात्र खरे.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आणि नंतर केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८७७ साली गणिताच्या कठीण परीक्षेत ते अकरावे आले. अशा पदवीधर उमरावपुत्राला सरकारदरबारी मानाची जागा सहज मिळाली असती. त्यांनी वेगळीच वाट धरली. इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल शहरी आर्मस्ट्राँग यांच्या तोफा व यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात ते पैसे भरून उमेदवार म्हणून दाखल झाले. तेथून लीड्स येथील किटसन यांच्या कारखान्यात काही काळ काढून १८८४ साली ते गेट्सहेडच्या क्लार्क, चॅपमन आणि कंपनीत कनिष्ठ भागीदार झाले. जहाजांवर विजेचे दिवे लावण्याची सामग्री बनविणे हे तेथील काम त्यांच्याकडे आले, आणि त्यातूनच पुढचा इतिहास घडला.

त्या वेळी वीज कशी होत असे, हे थोडे सांगणे अवश्य आहे. तारेचे वेटोळे आणि चुंबक यांतील एकाला दुसऱ्याजवळ फिरवले की तारेत वीज उत्पन्न होते, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ सालीच दाखविले होते. प्रश्न उरला होता तो फिरवायचे कशाने, एवढाच. १८८२ साली एडिसन यांनी लंडनच्या होबर्न व्हायाडक्टवर आणि न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर कोळशावरची वीजघरे उघडली, तेव्हा तेथे वाफेची जुन्या घडणीची इंजिने होती. त्यांत वाफ दट्ट्याला पुढे ढकलते, मागे ढकलते, आणि त्या पुढेमागे होण्याचे दांडा व भुजा यांच्या साहाय्याने फिरण्यात रूपांतर होते. प्रत्येक फेरीत ते अवजड लोखंड दोनदा थांबते आणि दोनदा उलटे फिरते. परिणामी सारी इमारत हादरत असे, वेगाला मर्यादा पडे, आणि दिवे लुकलुकत.

वाफेने सरळ चाकच फिरवावे, ही कल्पना जुनीच होती. पाण्याच्या धारेखाली पाणचक्की फिरते, तसे वाफेच्या झोताखाली चाक का फिरू नये? अडचण होती ती वाफेच्या वेगाची. बॉयलरमधील दाबाखालची वाफ एकदम मोकळी सोडली, तर ती सेकंदाला अर्ध्या मैलाच्या आसपास वेगाने सुटते. तिचा पुरा उपयोग करून घ्यायचा तर चाकाच्या कडेलाही त्याच्या निम्म्या वेगाने फिरले पाहिजे. आणि इतक्या वेगाने फिरणारे मोठे चाक त्या काळच्या पोलादाला झेपणारे नव्हते. स्वीडनचे द लाव्हाल यांनी याच सुमारास एका लहान चाकावर हा प्रयोग यशस्वी केला. पण तो लहान यंत्रांपुरताच राहिला.

पार्सन्स यांनी या प्रश्नाकडे निराळ्या दृष्टीने पाहिले. खोल बारवेत उतरायचे असेल तर शहाणा माणूस काठावरून उडी घेत नाही, पायऱ्यांनी उतरतो. वाफेलाही तसेच उतरवावे, असे त्यांनी ठरविले. एकाच दांड्यावर त्यांनी पात्यांची अनेक कडी एकामागून एक बसविली, आणि दर दोन फिरत्या कड्यांच्या मध्ये स्थिर पात्यांचे एक कडे ठेवले. वाफ पहिल्या कड्यात थोडा दाब टाकते, थोडा वेग घेते, तो पात्यांना देऊन टाकते. मग स्थिर पाती तिची दिशा वळवून तिला पुढच्या कड्याकडे धाडतात. असे करीत करीत तिचा सारा दाब लहान लहान हप्त्यांनी वसूल होतो. कोणत्याही एका कड्यावर असह्य भार पडत नाही, आणि कोठेही काहीही पुढेमागे होत नाही. सारे एकाच दिशेने, अखंड फिरत राहते.

२३ एप्रिल १८८४ रोजी त्यांनी या कल्पनेच्या पेटंटांसाठी अर्ज केले आणि त्याच वर्षी पहिले यंत्र चालू केले. ते मिनिटाला १८,००० फेरे घेई आणि सुमारे साडेसात किलोवॅट वीज देई. शंभर वॅटचे पाऊणशे दिवे पेटावेत, इतकीच तिची शक्ती. परंतु त्या काळचे डायनामो मिनिटाला हजार-दीड हजार फेरेच सोसत. म्हणून पार्सन्स यांना टर्बाइनच्या जोडीने डायनामोही नव्याने रचावा लागला. त्यातील वेटोळी फेकली जाऊ नयेत म्हणून ती तारेच्या वेढ्यांनी आवळून बांधावी लागली. दांड्याला आपला तोल आपणच सावरता यावा म्हणून लवचीक बेअरिंगे घडवावी लागली. वाफ मध्यभागी आत घेऊन दोन्ही बाजूंना सोडण्याची युक्तीही त्यांचीच. त्यामुळे दांड्यावरील दोन्हीकडचा रेटा परस्पर मिटतो. हे पहिले यंत्र आज लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जपून ठेवले आहे.

यानंतरची कथा यशाचीच असावी, असे वाचकांना वाटेल. तसे घडले नाही. ही आरंभीची यंत्रे आटोपशीर आणि शांत होती खरी, परंतु वाफेच्या बाबतीत फार खर्चिक होती. भागीदारांना ती जहाजांवरच्या दिव्यांपुरती पुरेशी वाटत. पार्सन्स यांच्या डोळ्यांपुढे मात्र अख्ख्या शहरांना प्रकाश देणारी केंद्रे होती. १८८९ साली भागीदारी मोडली. पेटंटे कंपनीकडे राहिली, आणि ज्याने टर्बाइन घडविले त्यालाच आपल्या रचनेचे टर्बाइन बनविण्याचा अधिकार उरला नाही.

आम्हांस पार्सन्स यांचे मोठेपण दिसते ते येथे. आपलीच वस्तू आपल्याला निषिद्ध झाल्यावर माणूस एक तर कोर्टकचेऱ्यांत आयुष्य घालवितो, नाही तर हात जोडून परत जातो. त्यांनी न्यूकॅसलजवळ हीटन येथे स्वतःचा कारखाना काढला आणि निराळ्याच रचनेचे टर्बाइन बनविण्यास आरंभ केला. जुन्या यंत्रात वाफ दांड्याच्या लांबीने वाहत असे. नव्या यंत्रात ती चकतीच्या त्रिज्येवरून वाहू लागली. ही रचना तितकी सोयीची नव्हती. तरीही हार न मानता त्यांनी ती सुधारत नेली. कोणी आपली यंत्रे घेईना, तर आपणच वीज विकावी, म्हणून न्यूकॅसल शहराला वीज पुरविणारी कंपनी त्यांनी उभी केली. तिचे फोर्थ बँक्स येथील केंद्र १८९० साली सुरू झाले. टर्बाइनवर चालणारे ते जगातील पहिले सार्वजनिक विद्युत्केंद्र. त्यातील दोन यंत्रे प्रत्येकी ७५ किलोवॅटची होती.

१८९२ साली केंब्रिजच्या वीजकेंद्रासाठी त्यांनी १०० किलोवॅटचे यंत्र केले आणि त्याला कंडेन्सर जोडला. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ थंड पाण्याच्या नळ्यांवर नेऊन तिचे पुन्हा पाणी करायचे, म्हणजे तेथे जवळजवळ पोकळी निर्माण होते आणि वाफेला उतरण्यासाठी आणखी खोल जागा मिळते. बारव खोल झाली की पायऱ्याही वाढतात, तसेच हे. प्राध्यापक युइंग यांनी या यंत्राची कसून परीक्षा घेतली आणि ते चांगल्या दट्ट्याच्या इंजिनांच्या तोडीस उतरले, असा निर्वाळा दिला. त्या दिवसापासून टर्बाइन उधळे आहे, हा आक्षेप फिका पडला. पुढे लंडनमधील मँचेस्टर स्क्वेअर येथील वीजघराच्या हादऱ्यांना कंटाळून शेजाऱ्यांनी तक्रारी केल्या, तेव्हा तेथेही जुनी इंजिने हटवून पार्सन्स यांची टर्बाइने बसविण्यात आली आणि शेजार शांत झाला.

१८९४ साली त्यांनी आपली जुनी पेटंटे परत मिळविली. तोवर त्या पेटंटांची दहा वर्षे सरली होती. १८९८ साली मुख्य पेटंटाची मुदत पाच वर्षांनी वाढवून देण्यात आली, ती शोधकाला त्याच्या श्रमांचे योग्य फळ मिळाले नव्हते म्हणून.

सर्वसामान्य जनतेला त्यांचे नाव कळले ते मात्र वीजघरामुळे नव्हे, तर एका नौकेमुळे. टर्बाइनवर चालणारी ‘टर्बिनिया’ ही सुमारे शंभर फुटांची नौका त्यांनी बांधली. पहिल्या चाचण्यांत तिचा वेग निराशाजनक ठरला; वेगाने फिरणाऱ्या पंख्याभोवती पाण्यात पोकळ्या निर्माण होतात, हे त्यांनी काचेच्या लहान टाकीत प्रयोग करून शोधले आणि एकाऐवजी तीन दांडे व नऊ पंखे बसविले. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त २६ जून १८९७ रोजी स्पिटहेड येथे आरमाराचे संचलन चालू असता ही चिमुकली नौका प्रचंड युद्धनौकांच्या रांगांमधून ताशी ३४ सागरी मैलांच्या वेगाने सुसाट निघून गेली, आणि तिला गाठणे पहाऱ्यावरील बोटींना जमेना. नऊ वर्षांनी ब्रिटिश आरमाराची ‘ड्रेडनॉट’ ही महायुद्धनौका टर्बाइनवरच धावू लागली.

विद्युत्केंद्रांच्या जगात निर्णायक घटना घडली ती १९०० साली. जर्मनीतील एल्बरफेल्ड शहरासाठी पार्सन्स यांनी प्रत्येकी १,००० किलोवॅटची दोन यंत्रे पाठविली. यंत्रविद्येत स्वतः अग्रेसर असलेल्या देशाने ती तपासून पाहिली आणि पसंत केली. त्यानंतर हा आकडा थांबला नाही. १९१२-१३ च्या सुमारास शिकागो शहरासाठी त्यांच्या कारखान्याने २५,००० किलोवॅटचे यंत्र दिले, आणि पुढील दशकात त्याच शहरासाठी ५०,००० किलोवॅटचे. साडेसात किलोवॅटपासून पन्नास हजारांपर्यंतचा हा प्रवास एका माणसाच्या हयातीत, बऱ्याच अंशी त्याच्याच देखरेखीखाली झाला.

आज आपल्या देशातील सिंगरौली, कोरबा, रामगुंडम किंवा आपल्याकडील कोराडी, चंद्रपूर, परळी येथील एखाद्या औष्णिक केंद्रात काय चालते, ते पाहिले म्हणजे पार्सन्स यांच्या कल्पनेची व्याप्ती ध्यानी येते. वाघिणींतून आलेला कोळसा प्रथम चक्क्यांत दळून पिठासारखा केला जातो. गरम हवेच्या झोताबरोबर ते पीठ भट्टीत शिरते आणि अधांतरीच पेट घेते. भट्टीच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्यांच्या रांगा. त्यांत पाण्याची वाफ होते. ती आणखी तापवून सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत नेली जाते. तिचा दाब वातावरणाच्या दीडशेपटींच्या आसपास वा त्याहूनही अधिक असतो. ही वाफ पात्यांच्या एकामागून एक कड्यांतून उतरते. सुरुवातीची पाती बोटभर, तर अखेरची, वाफ पसरलेली असल्यामुळे, हातभर वा त्याहूनही लांब. दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०, आणि म्हणूनच आपल्या घरातील वीजही सेकंदाला ५० आवर्तनांची असते. त्याच दांड्याला जोडलेले चुंबकचक्र तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरते आणि फॅरडे यांच्या नियमाप्रमाणे तेथे वीज उत्पन्न होते. थकलेली वाफ कंडेन्सरमध्ये पाणी होऊन पुन्हा बॉयलरकडे जाते. ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण शक्तीने चालला तर ताशी तीनशे टनांच्या आसपास कोळसा गिळतो. कागदावर ज्यांनी वाघिणी मोजल्या आहेत, त्यांना या आकड्याचे मोल सांगावयास नको.

या हिशेबात एक वजाबाकी मात्र आहे. कोळशातील शंभर भाग उष्णतेपैकी दहाबारा भाग धुराड्यावाटे व इतरत्र जातात; जवळजवळ निम्मी उष्णता कंडेन्सरमधील थंड पाण्याला देऊन टाकावी लागते; वीज म्हणून हाती येतात ते ३५ ते ४० भाग. यात कोणाचा हलगर्जीपणा नाही. उष्णतेचे पूर्णपणे कामात रूपांतर होऊच शकत नाही, ही निसर्गाची अट सादी कार्नो या फ्रेंच तरुणाच्या १८२४ सालच्या निबंधापासून विज्ञानाला उमगत गेली आहे. पार्सन्स यांचे सारे आयुष्य या अटीच्या आतच, पण तिच्या अधिकाधिक जवळ जाण्यात खर्ची पडले. शिवाय आपल्या कोळशात राख फार, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत. आणि एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन डाय-ऑक्साइड हवेत मिसळतो. केंद्रांच्या आसपासच्या गावांनी राखेचे लोट सोसले आहेत, अनेकांनी जमिनीही दिल्या आहेत. आपला दिवा लागतो तेव्हा त्याची किंमत आपल्या बिलात पूर्णपणे उतरत नाही, हे सुशिक्षितांनी विसरू नये.

खुद्द पार्सन्स यांना कोळशाच्या भवितव्याची चिंता होती, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. १९१९ साली ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी पृथ्वीच्या पोटात बारा मैल खोल विवर खणून तेथील उष्णता वापरण्याची कल्पना मांडली. कोळशाच्या धगीवर ज्याने आपली कीर्ती उभारली, तोच कोळशाच्या पलीकडे पाहत होता. त्यांचे सगळेच प्रयोग फळले असे नाही. कृत्रिम हिरे तयार करण्यासाठी त्यांनी बराच काळ आणि पैसा वेचला, पण हिरा काही हाती लागला नाही.

मानमरातब पुष्कळ लाभले. १८९८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९११ मध्ये सरदारकी, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. हा अखेरचा सन्मान मिळविणारे ते पहिले अभियंते. घरात मात्र दुःखाने प्रवेश केला होता. एकुलता एक पुत्र १९१८ साली महायुद्धात कामी आला. पत्नी कॅथरिन आणि कन्या रेचेल यांनी १९१९ साली स्त्री अभियंत्यांची संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि रेचेल तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. वडिलांचा दुर्बिणीचा छंदही पार्सन्स यांनी वृथा जाऊ दिला नाही. १९२५ साली ग्रब यांचा दुर्बिणींचा बुडता कारखाना त्यांनी विकत घेऊन सावरला. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी, समुद्रप्रवासात असताना, जमैकातील किंग्स्टनच्या बंदरात जहाजावरच त्यांचे देहावसान झाले. नॉर्थम्बरलंडमधील कर्कव्हेल्पिंग्टन या खेड्यात त्यांची समाधी आहे. जन्म लंडनचा, बालपण आयर्लंडचे, आणि कर्मभूमी न्यूकॅसल. परगावी जाऊन तेथलेच होऊन राहणाऱ्या आपणा मंडळींना हा क्रम परका वाटू नये.

कोळसा आज ना उद्या मागे पडेल, पडावाही. पण टर्बाइन त्याच्याबरोबर जाणार नाही. तारापूरच्या अणुकेंद्रात १९६९ पासून युरेनियमच्या उष्णतेने वाफ होते आणि तीही पात्यांच्या कड्यांवरूनच उतरते. वाळवंटात आरशांनी सूर्याचे ऊन एकवटून जी केंद्रे चालतात, तेथेही पुढचे काम वाफ आणि टर्बाइनच करतात. आग बदलेल, उतरण्याची रीत तीच राहील. ज्या बळाला एका घावात आवरता येत नाही, त्याला अनेक कड्यांनी मिळून थोडे थोडे आवरायचे, ही ती रीत. पन्नास वर्षे एखादे मंडळ चालते तेही बहुधा याच रीतीने, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगण्याची गरज नाही.